भाव सांगायची लाज

मुलुंड, १२ सप्टेंबर १९५४

ती. अण्णास,

वसूचा नमस्कार, वहिनींनाही सांग. गौरी-गणपती आटोपले, भांडीकुंडी माळ्यावर गेली आणि आता तुझ्याशी भांडायला सवड झाली आहे.

गेले सहा महिने श्याम दर रविवारी "मामाकडे जातो" म्हणून अंधेरीला येत होता. मला बरं वाटायचं. म्हटलं, हल्लीची मुलं मामालोकांना विचारत नाहीत, आपला विचारतो. त्याच्याबरोबर तुला अळूवड्या धाडल्या, आंबोळ्यांचं पीठ धाडलं. तो तुझ्या त्या उद्योगवर्गात येऊन बसतो हे मला कोणी कळू दिलं नाही. त्यानं नाही आणि अळूवड्या खाणाऱ्यानंही नाही.

परवा विसर्जनाहून आल्यावर पाय पुसता पुसता म्हणतो, "आई, मी नोकरी सोडावी म्हणतो." अण्णा, विमा कंपनीतली कायमची नोकरी रे! लोक तिच्यासाठी साहेबांच्या घरी आंब्याच्या पेट्या पोचवतात. ती सोडून हा काय करणार, तर स्टोव्हच्या पिना. बर्नर तुंबला की आपण टोचतो ना, पत्र्याच्या पट्टीला तार लावलेली ती पिन. भांडुपला धाकू म्हणून त्याचा शाळेतला मित्र आहे. धाकूचे वडील गिरणीत फिटर होते, त्यांच्या पडवीत पत्र्याच्या पट्ट्या कापायचा एक हातप्रेस आहे. ह्या दोघांनी म्हणे वर्षभर तारा मोडून पाहिल्या आणि बर्नरात मोडणार नाही अशी तार शोधून काढली. कौतुक आहे. पण लोकांना मी काय सांगू? टिपणिसांचा मुलगा काय करतो, तर पिना विकतो?

हे काही बोलतच नाहीत. पेपर उघडून बसले आहेत. मी म्हटलं, "तुम्ही तरी सांगा," तर पान उलटलं.

श्यामनं एवढं मात्र कबूल केलं आहे, की नोव्हेंबरपासून तीन महिने बिनपगारी रजा काढून पाहीन, आणि माझ्या तोंडून हो आल्याशिवाय राजीनामा देणार नाही. माझ्या तोंडून हो येणार नाही. तरीही तू येऊन त्याला समजाव. आग तू लावलीस, तूच विझव.

तुझी,
वसू

अंधेरी, १९ सप्टेंबर १९५४

चि. वसूस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आधी तुझ्या वहिनीच्या हाती पडलं. आधी उत्तर लिहा, मग जेवा, असा हुकूम झाला आहे. तेव्हा हे उपाशीपोटी लिहितो आहे. अळूवड्यांचा गुन्हा कबूल.

मी वर्गात काय शिकवतो ते तुला ठाऊक नाही. बारा व्याख्यानं आहेत. भांडवल कसं उभारावं, हिशेब कसा ठेवावा, ओळखीच्या माणसाकडूनही पैसे कसे घ्यावेत. टाळ्या पडतात त्या ह्या शेवटच्याला. धंदा रक्तातच असावा लागतो असं आपले लोक म्हणतात आणि मुलांना टंकलेखनाच्या वर्गाला घालतात. मी म्हणतो, पोहणं शिकवता येतं तर धंदा का शिकवता येऊ नये? बावीस मुलं येतात. दसऱ्यानंतर त्यांना प्रमाणपत्रं द्यायची आहेत, कागदाला सोनेरी कड आहे.

पण वसू, खरं सांगू? हे सगळं मी लोकांच्या मुलांसाठी बोलत होतो. आपला श्याम मागच्या बाकावर बसायचा. मला वाटायचं, मामाला बरं वाटावं म्हणून येतो. तो उठून खरंच काही करील हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. शिकवलेलं कोणी कधी करतं का गं? मी स्वतः तीस वर्षं जहाज कंपनीत हेडक्लार्की केली आणि पेन्शन घेतो आहे. हे वाक्य वहिनीनं सांगितलं म्हणून लिहिलं.

दसऱ्याला सोनं द्यायला येतो. श्यामला समजावतो. काळजी करू नकोस.

तुझा,
अण्णा

मुलुंड, १० ऑक्टोबर १९५४

ती. अण्णास,

नमस्कार. समजावलंस हो छान!

सकाळी अकराला तू त्याला घेऊन भांडुपला गेलास. मी श्रीखंड झाकून बसले. तीन वाजता दोघे आलात ते कोपरापर्यंत काळे हात घेऊन, आणि तू मला काय विचारलंस, तर "वसू, राख आहे का गं, साबणानं निघत नाही." जेवताना श्रीखंडाला नावं ठेवली नाहीस तेव्हाच मी ओळखलं की तुझं मन दुसरीकडे आहे. जाताना माझी नजर चुकवलीस. प्रेसचा दांडा स्वतः ओढलास ना? खरं सांग. श्याम सांगतो, मामांनी चाळीस पिना पाडल्या आणि त्यातल्या सदतीस वाकड्या निघाल्या.

तुझ्या त्या ओळखीच्या माणसाच्या व्याख्यानाचं सांगते. काल शेजारच्या जानकीकाकूंचा स्टोव्ह अडला. श्यामनं पिन नेऊन दिली, स्टोव्ह भुरकन पेटला. काकू पैसे काढायला लागल्या तर श्यामच्या आधी मीच धावले. "छे छे काकू, घरचाच मुलगा आहे, पैसे कसले देता." माझ्या तोंडून आपोआप निघालं. श्याम हसला, पण मला ते हसू काही बरं वाटलं नाही.

अण्णा, आपल्या घरात कोणी कोणाकडून सामानाचे पैसे घेतलेले मी पाहिले नाहीत. पगार घेतात, तो पाकिटात घालून मिळतो. हातात सुटे मोजून घ्यायचे म्हणजे माझ्या अंगावर काटा येतो. तू कितीही शिकव.

तुझी,
वसू

अंधेरी, २८ नोव्हेंबर १९५४

चि. वसूस,

आशीर्वाद. महिनाभर पत्र नाही म्हणून रागावू नकोस. सांगण्यासारखं काही चांगलं घडलं नाही म्हणून लिहिलं नाही.

आधी वर्गाचं ऐक. प्रमाणपत्रं थाटात वाटली. आठवड्याभरात पोरं एकेक करून घरी यायला लागली. मला वाटलं, धंद्याविषयी सल्ला विचारायला येतात. एकानं विचारलं, "अण्णा, ह्याच्यावर 'वर्तणूक उत्तम' एवढं लिहून द्याल का?" दुसऱ्याला त्याची खरी नक्कल करून हवी होती. मग उलगडा झाला. सगळ्यांनी माझी प्रमाणपत्रं नोकरीच्या अर्जांना जोडली आहेत! नंदकिशोर म्हणून माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी, भांडवल ह्या विषयावर इतकं सुंदर बोलला होता की मी त्याला हार घातला. त्याला ट्रॉम्बेला टाइमकीपरची जागा मिळाली. परवा पेढे घेऊन आला, पाया पडला आणि म्हणाला, "तुमच्या वर्गामुळेच लागलो." पेढे चांगले होते. तुझी वहिनी दोन दिवस हसते आहे. म्हणते, "बावीसपैकी एकानं तुमचं ऐकलं, आणि त्यालाच तुम्ही ऐकू नको म्हणून सांगायला निघालात."

आता दुसरं, ते जरा कठीण आहे. श्यामच्या पिना चांगल्या आहेत. पण खपत नाहीत, आणि का खपत नाहीत ते मी डोळ्यांनी पाहिलं. गेल्या शनिवारी त्याच्याबरोबर घाटकोपरला गेलो, लोखंडी सामानाच्या एका मोठ्या दुकानात. शेठनं पिन हातात घेतली, वाकवली, सरळ केली, परत वाकवली. खूश झाला. विचारलं, "भाव काय?" श्याम माझ्याकडे बघायला लागला. मी पंख्याकडे बघायला लागलो. धाकूनं तर आधीच सांगून ठेवलं होतं, "माल कितीय करून दितंय, भाव मातर तुमी सांगा, माका लाज वाटता." शेठ थांबला होता. शेवटी मी, बारा व्याख्यानांचा धनी, काय बोललो असेन? "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या हो."

शेठनं पिन परत श्यामच्या हातात ठेवली. रागावला नाही बिचारा. म्हणाला, "मास्तर, माल फर्स्ट क्लास आहे. पण ज्याला आपला भाव सांगता येत नाही, तो उद्या माल वेळेवर देईल असं मी कशावरून समजू?" आम्हाला चहा पाजला. आम्ही उतरलो. श्याम सबंध रस्ताभर ती पिन वाकवत आणि सरळ करत चालला होता.

वर्ग मी तूर्त बंद केला आहे. ज्या शाळेत तो भरतो तिथे सांगितलं, गळा बसला आहे.

तुझा,
अण्णा

मुलुंड, २ जानेवारी १९५५

ती. अण्णास,

नमस्कार. तू वर्ग बंद केलास हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. तुझ्या आवाजाशिवाय रविवार कसा काढतोस रे?

श्यामची रजा ह्या एकतीसला संपते. काल रात्री जेवताना त्यानं स्वतःच सांगितलं, "आई, एक तारखेपासून हापिसात जातो. तू हो म्हणण्याची वाट बघत नाही आता." एवढंच म्हणाला आणि ताक मागितलं. मी चार महिने जे मागत होते ते मिळालं, अण्णा. मग माझा घास ताटात तसाच का राहिला? पोरगं खंगलं आहे. बोटांना पत्र्याचे चरे पडले आहेत, त्यांवर हळद लावते तर हात ओढून घेतो. जेवण झाल्यावर हेसुद्धा बराच वेळ हात न धुता तसेच पाटावर बसून राहिले.

पलंगाखाली खोक्यांतून पिना भरून ठेवल्या आहेत. केर काढताना केरसुणी अडते. आणि एक तुला सांगते, त्याला सांगू नकोस. दसऱ्यापासून मी त्याचीच एक पिन वापरते आहे. पूर्वी महिन्याला दोनदा तार मोडून बर्नरात बसायची आणि मी रडकुंडीला यायची. ही अजून तशीच आहे.

म्हणून एक ठरवलं आहे. ह्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून ह्याच पिना लुटणार. दरवर्षी कुंकवाचे करंडे नाहीतर कंगवे द्यायचे, त्यापेक्षा संसारात उपयोगी पडेल असं काही जाईल. खोकीही रिकामी होतील. गाजावाजा न करता घरातून विषय निघून जाईल आणि श्यामच्या डोळ्यांसमोर ती खोकी राहणार नाहीत. शुक्रवारी एकवीस तारखेला ठेवलं आहे. वहिनींना धाड.

तुझी,
वसू

अंधेरी, १० जानेवारी १९५५

चि. वसूस,

आशीर्वाद. सोबत तिळगूळ आहे, गोड बोल, म्हणजे मलाही जरा सराव होईल. वहिनीला सर्दी-ताप आहे, एकवीसला येणं जमणार नाही. तुझा बेत वाचून तिनं पदर डोळ्यांना लावला आणि वर म्हणाली ताप आहे म्हणून पाणी येतं.

वसू, एक तारखेला सकाळी मी मुलुंडला येतो. श्यामला हापिसापर्यंत सोडायला. चोवीस वर्षांच्या घोड्याला पोचवायला मामा कशाला, असं म्हणू नकोस. मीच त्याला तिथून उठवला होता, परत बसवायला मीच नको का?

अण्णा

मुलुंड, २३ जानेवारी १९५५

ती. अण्णास,

नमस्कार. बसून नीट वाच. वहिनींनाही शेजारी बसव.

शुक्रवारी पन्नासएक बायका आल्या. अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, ओले हरभरे आणि बोरं ओटीत घातली. पहिलं वाण जानकीकाकूंना द्यायचं म्हणून मी पिन पुढे केली. आणि काकूंनी हातच मागे घेतला!

"अगंबाई वसुधा, टोकदार वस्तू वाणात देतात का कधी? सुई, कात्री, पिन. अशानं माणसं तुटतात. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला?"

कोणी हरभरे खायचे थांबवले. एवढं कसं सुचलं नाही मला? आईनं आपल्याला सुई कधी हातात दिली नाही, जमिनीवर ठेवायची आणि मग उचल म्हणायची, हे मला माहीत नव्हतं का? पण पिना मला टोकदार दिसतच नव्हत्या, मला फक्त श्यामचे हात दिसत होते. मी रडणार होते, खरंच.

तेवढ्यात काकूंनीच कनवटीचा एक पैसा सोडला आणि माझ्या तळव्यावर ठेवला. मी हात ओढायला गेले, "काकू, पैसे कसले," असं सुरूच केलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "गप बस. पैसा दिला की ते दिलेलं राहत नाही, विकत घेतलेलं होतं. मग काही तुटत नाही. घे मुकाट्यानं." आणि माझी मूठ स्वतः मिटली.

मग काय, अण्णा! एकामागून एक. कोणी कमरेचा, कोणी रुमालाच्या गाठीतला, कोणी शेजारणीकडून उसना. कुंकू लावायचं, पिन द्यायची, पैसा घ्यायचा. पहिल्या चारपाच जणींना माझी मान वर होत नव्हती. दहाव्या-बाराव्या बाईनं पैसा द्यायला जरा उशीर केला, तर माझा हात पुढेच राहिला! माझा, वसुधा टिपणीसचा. मला इतकं हसू फुटलं की कुंकू त्यांच्या नाकावर लागलं.

हे झालं शुक्रवारी. खरी गंमत काल झाली. मागच्या चाळीतली वनमाला, मालवणकडची, नवी लग्न होऊन आलेली पोर, दुपारी दारात आली. "काकी, ती पिन आसा काय हो आणखी? माझ्या जावांका होयी. कितीक दितास?"

श्याम आत चहा पीत होता. मी ऐकलं, आतला कप बशीवर टेकला आणि आवाज थांबला. चार महिन्यांपूर्वीची वसू "ने गं अशीच" म्हणाली असती. माझ्या तोंडून निघालं, "आण्याला तीन." न अडखळता. वर आणखी, "बाजारात चार मिळतात, पण त्या मोडतात." तिनं मुकाट्यानं आणा दिला. तिला त्यात वाईट काहीच वाटलं नाही रे. उलट घेणाऱ्याला बरं वाटतं, उपकार डोक्यावर राहत नाही. हे इतकी वर्षं मला कोणी का सांगितलं नाही? तू सांगितलंस म्हणशील. पण तू फळ्यावर लिहून सांगितलंस. मला जानकीकाकूंनी मूठ मिटून शिकवलं.

मागे वळले तर श्याम दारात उभा. मी म्हटलं, "बघतोस काय? खोकं आण बाहेर. आणि घाटकोपरच्या त्या शेठकडे सोमवारी जाऊन भाव सांगून ये, आधी माझ्यासमोर दहादा म्हणून दाखव." त्यानं म्हणून दाखवला. पहिल्यांदा कुजबुजला, मग जरा मोठ्यानं, मग आम्ही दोघेही ओरडायला लागलो. जानकीकाकूंनी भिंतीवर थापटी मारली.

मग त्यानं विचारलं, "म्हणजे हो ना, आई?" मी म्हटलं, "हो." घाबरत म्हटलं, अजूनही घाबरलेली आहे. पण म्हटलं.

आता ह्यांना कसं सांगायचं ते कळत नाही. ते काल कल्याणला चुलत भावाकडे गेले आहेत, आज रात्री येतील. तीस वर्षं एका खुर्चीवर बसलेला माणूस, दोन वर्षांनी निवृत्त व्हायचा. श्यामच्या पगारावर त्यांनी काय काय योजलं असेल देव जाणे, बोलून कधी दाखवलं नाही. तू ये आणि मला आधार दे.

तुझी,
वसू

अंधेरी, २६ जानेवारी १९५५

चि. वसूस,

आशीर्वाद, एक सोडून दोनदा. तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं आणि वहिनीनं ते परत वाचायला लावलं. तिचा ताप उतरला.

वसू, मला फार आनंद झाला आहे आणि थोडं वाईटही वाटतं आहे, की ते मूठ मिटणं माझ्या बारा व्याख्यानांत कुठेच नव्हतं. वर्ग पुन्हा सुरू करतो. पण आता बाकं काढून टाकणार. पहिल्या रविवारी प्रत्येकानं आपली एक वस्तू आणायची आणि शेजारच्याला विकायची. फुकट दिली तर बाहेर. बघू किती टिकतात.

मेहुण्यांशी मी बोलतो. रविवारी येतो. तोवर तू काही बोलू नकोस, त्यांना धक्का बसेल.

अण्णा

मुलुंड, २ फेब्रुवारी १९५५

ती. अण्णास,

नमस्कार. रविवारी तुझा पाय मुरगळला आणि तू आला नाहीस. काळजी घे, पण आला नाहीस ते बरंच झालं.

तू सांगितलंस म्हणून मी गप्प राहिले. श्याम गप्प राहिला. शेठनं पहिला माल घेतला तरी आम्ही दोघे स्वयंपाकघरात कुजबुजून बोलत होतो. शनिवारी संध्याकाळी हे हापिसातून आले, टोपी खुंटीला लावली आणि पेपर न उघडता श्यामला हाक मारली. पिशवीतून एक कागद काढून त्याच्यापुढे ठेवला.

श्यामचा राजीनामा होता, अण्णा. टाइप केलेला. तारीख, साहेबांचं नाव, आजवरच्या मेहेरबानीबद्दल आभार, सगळं जिथल्या तिथे. खाली श्यामच्या सहीपुरती जागा. भिंतीपलीकडच्या जानकीकाकूंना आमचं बोलणं ऐकू जातं, तर एका घरात राहून ह्यांना काय कळत नव्हतं? हापिस सुटल्यावर मागे थांबून त्यांनी तो स्वतः केला होता. तीन वेळा केला म्हणे, खाडाखोड असलेला कागद मुलाच्या नावानं जायला नको म्हणून. ज्या माणसानं हापिसची टाचणीसुद्धा कधी घरी आणली नाही, त्यानं हापिसच्या यंत्रावर.

श्याम तो पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागला. मीच म्हटलं, "अहो, तुम्ही रागावला नाहीत?"

ते माझ्याकडे बघत नव्हते, कागदाकडे बघत होते. म्हणाले, "हा मजकूर मला पाठ होता. पंचवीस सालापासून. माझ्यासाठी कधी टाइप करायचा धीर झाला नाही."

मग उठून हातपाय धुवायला गेले. अण्णा, सव्वीस वर्षं मी ह्या माणसाला जेवायला वाढते आहे आणि मला हे ठाऊक नव्हतं.

श्याम सोमवारी कागद देऊन आला. मी आज साखरभात केला आणि ह्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

तुझी,
वसू